विहीर, शेततळे आणि बोअर: शिवारातले पाणी वन्यजीवांसाठी सुरक्षित कसे करावे

मार्च महिना सरत आला की मराठवाड्यातील ओढ्या-नाल्यांचे उरलेसुरले डोह आटतात, पाझर तलावांच्या तळाला भेगा पडतात आणि तेथपासून मृगाच्या पावसापर्यंत माळावरच्या हरणांना, कोल्ह्या-खोकडांना, लांडग्यांना, मोरांना आणि सायाळांना पाण्यासाठी माणसाच्या शेतात येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शेतात पाणी असते, परंतु ते सहा-सात परस (म्हणजे पुरुषभर उंचीच्या सहा-सात पट) खोल, काळ्या पाषाणात उभ्या तासलेल्या भिंतींच्या तळाशी असते. पाण्याचा वास येतो, वाट मात्र नसते. विहिरीचे तोंड जमिनीशी सपाट असेल आणि भोवती कुसळी गवत किंवा वेडी बाभूळ माजलेली असेल, तर रात्री कुत्र्यांपुढे धावत सुटलेल्या जनावराला ती विहीर दिसतही नाही.

माझ्या चुलत्यांच्या शेतातील जुन्या विहिरीत एका वैशाखात हरणी पडली. सकाळी मोटार सुरू करायला गेलेल्या सालगड्याला ती कपारीला पुढचे पाय टेकवून, मान पाण्यावर धरून उभी असलेली दिसली. तासाभरात पन्नास-साठ माणसे जमली, आरडाओरडा झाला, दोघे जण दोर घेऊन उतरले आणि तिला वर काढले. वर काढल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती मेली. तिच्या अंगावर साधे खरचटलेले नव्हते. ती का मेली हे मला पुष्कळ नंतर कळले आणि ते या लेखात पुढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

वन्यजीवांचा विषय निघाला की आपल्याला अभयारण्ये आठवतात. मराठवाड्यात ती आहेत: बीड जिल्ह्यातील नायगावचे मयूर अभयारण्य, धाराशिवजवळचे येडशी रामलिंग घाट, कन्नडकडचे गौताळा औट्रमघाट, नांदेडच्या उत्तरेचे पैनगंगा. परंतु आपल्याकडची बहुतेक हरणे, लांडगे आणि खोकड या हद्दींच्या बाहेर, गायरानात, पडीक माळावर आणि आपल्याच धुऱ्यांच्या आडोशाने राहतात. अभयारण्यातला प्राणीसुद्धा शेवटी शेतातूनच चालतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या अभयारण्यातील कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा त्याने मधली बहुतेक वाट शेतशिवारांतूनच काढलेली होती. भारतीय लांडगा देशभरात सुमारे तीन हजारच उरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या हिशेबाने एका उघड्या विहिरीत एकाच रात्री बुडालेली दोन-तीन पिल्ले ही लहान हानी नाही. गुजरातेत गीरच्या परिसरात सिंह विहिरींत पडून मरू लागले, तेव्हा तेथे शेतकऱ्यांच्या हजारो विहिरींना कठडे बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले. आपल्या शिवारात हे काम करण्यासाठी सिंहाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आधी शिवारफेरी

कामाची सुरुवात बांधकामाने न करता नोंदीने करावी. गावातील चार-पाच जणांनी मिळून शिवाराचे भाग वाटून घ्यावेत आणि प्रत्येक विहीर, शेततळे व बोअर प्रत्यक्ष पाहून एका वहीत लिहावे. गट क्रमांक, विहीर वापरात आहे की पडीक, तोंड जमिनीशी सपाट आहे की उंच, कठडा आहे का, असल्यास कोणत्या बाजूने पडला आहे, आत पायऱ्या आहेत का आणि उन्हाळ्यात पाणी किती खाली जाते, एवढे लिहिले तरी पुरते. विहिरीभोवतीच्या मातीत खुरांचे किंवा पंजांचे ठसे दिसले तर तेही लिहावेत, कारण जेथे प्राण्यांची नेहमीची पायवाट विहिरीजवळून जाते तेथे काम सर्वांत आधी करायचे असते. ओढ्याच्या काठची, गायरानाला लागून असलेली आणि उसाच्या फडाजवळची विहीर यादीत वर घ्यावी. लातूर आणि धाराशिव भागात वेळा अमावस्येला घरातील सगळी माणसे शेतात जातात; त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आपापल्या गटातील विहिरी पाहून घेतल्या तर निम्मी यादी एका दिवसात होते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. ही यादी तिला जोडून ठेवावी, म्हणजे सरपंच बदलला तरी ती हरवत नाही.

या फेरीत एक गोष्ट लगेच ध्यानात येते. वापरातल्या विहिरीकडे रोज कोणाचे तरी पाऊल वळते, तेथे गवत कापलेले असते आणि काही पडले तर ते त्याच दिवशी कळते. जीव जातात ते पडीक, सामाईक विहिरींत. तीन पिढ्यांपूर्वी आजोबांनी खोदलेली, वाटणीत चार भावांच्या वाट्याला पाव-पाव आलेली, पाणी आटल्यावर प्रत्येकाने आपापला बोअर घेतल्यामुळे ओस पडलेली विहीर दुरुस्त करायला कोणीच पुढे येत नाही, कारण जो खर्च करील तो उद्या हक्क सांगेल अशी इतर तिघांना धास्ती असते. ती बुजवावी म्हटले तरी कोणी तयार होत नाही, कारण बुजवली म्हणजे सातबाऱ्यावरचा आपला हिस्सा गेला असे वाटते. अशा ठिकाणी बुजवण्याचा आग्रह धरूच नये. सर्व हिस्सेदारांना एकत्र बसवून फक्त कठड्याची परवानगी मागावी, आणि या कामामुळे कोणाच्याही हक्कात, हिश्शात किंवा वहिवाटीत बदल होत नाही, असे साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एवढा कागद झाला की बहुतेक ठिकाणी वाद मिटतो, आणि पुष्कळदा सर्वांत आडून बसलेला माणूसच दगड वाहायला ट्रॅक्टर देतो.

कठडा कसा घालावा

कठड्याचे मुख्य काम प्राण्याला अडवण्यापेक्षा त्याला विहीर दाखवण्याचे आहे. बिबट्याला चार फुटांचा कठडा सहज ओलांडता येतो, पण समोर भिंत दिसली की तो आपली चाल बदलतो; धावणारे हरीण आणि दोनशे किलोंच्या वर वजन भरणारा रोह्याचा नरसुद्धा भिंत पाहून वळतो. म्हणून उंची साडेतीन ते चार फूट असावी आणि भिंत दुरून ओळखू यावी. चुन्याचा एक हात वरच्या थरावर मारला तर चांदण्या रात्री ती पांढरी दिसते.

सर्वसाधारणपणे होणारी चूक ही की कठडा विहिरीच्या अगदी काठावर घातला जातो. मराठवाड्यातील बहुतेक विहिरींचा वरचा दहा-पंधरा फुटांचा थर मातीचा आणि मुरमाचा असतो, पाषाण त्याखाली लागतो, आणि हा वरचा थर पावसाळ्यात ढासळतो. काठावरचे बांधकाम दोन पावसाळ्यांत विहिरीत जाते व सोबत काठही घेऊन जाते. पक्के बांधलेले तोंड नसेल तर काठापासून किमान चार-पाच फूट मागे सरून, फूटभर खोल पाया खणून, मगच भिंत उभी करावी. यासाठी विटा-सिमेंट लागतेच असे नाही. विहीर खोदताना निघालेले दगड सहसा जवळच ढिगाने पडलेले असतात. तेच दगड तळाला दोन फूट आणि माथ्याला एक फूट रुंद असे रचले, मोठे खाली आणि चपटे वर ठेवले, फटींत मुरूम ठासला तर गवंड्याशिवाय भिंत उभी राहते. चार माणसांचे तीन-चार दिवसांचे हे काम आहे. चैत्र-वैशाखात शेतीकामे कमी असतात, तेव्हा ते करावे.

जुन्या मोटेच्या विहिरींना एका बाजूला धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, असते आणि थारोळ्याची, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडीची, बाजू उघडी असते. कठडा घालताना नेमकी हीच बाजू सुटते, कारण तिथे आधीच दगडी बांधकाम आहे असे वाटते. धाव ही विहिरीकडे नेणारी मोकळी वाट असल्यामुळे प्राणी तिच्यावरूनच येतात. तेथे लोखंडी चौकटीत जाळी बसवावी किंवा निदान काटेरी बोराटीची दाट झड लावावी आणि दर वर्षी ती बदलावी. मोटारीकडे जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेलाही फाटक हवे. फाटक उघडे राहिले तर बाकीची भिंत प्राण्याला त्याच जागी वळवून आणते.

पडीक विहिरीवर लोखंडी जाळीचे झाकण घालता आले तर उत्तमच, पण ते कठड्याला चिकटवून बंद करू नये. विहिरीच्या भिंतीतील कपारी हे पारव्यांचे, घुबडांचे, वटवाघळांचे घर असते, आणि काठावरून आत झुकलेल्या बाभळीच्या फांदीला सुगरणी मुद्दाम पाण्यावर लोंबतील अशी घरटी बांधतात, म्हणजे साप-मुंगसांचा हात पोचत नाही. झाकण कठड्याच्या माथ्यापासून हातभर उंच उचलून बसवले तर पक्ष्यांची ये-जा चालू राहते आणि जमिनीवरचा प्राणी आत जात नाही. ती बाभूळ तोडू नये. काठ साफ करण्याच्या उत्साहात घरट्यांनी लगडलेली फांदी कापलेली मी पाहिली आहे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या घरट्यांतील पिल्ले कोणालाच वाचवता आली नाहीत. नायलॉनची मासेमारीची जाळी किंवा पक्ष्यांसाठीची बारीक जाळी विहिरीवर कधीही पसरू नये. तिच्यात साप आणि घोरपडी अडकतात व सुटण्याच्या धडपडीत मरतात.

तरीही पडलेल्यासाठी आधार

जुन्या बारवा पाहिल्या की त्या बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत पायऱ्या का दिल्या हे वेगळे सांगावे लागत नाही. परभणी जिल्ह्यातील वालूरच्या चक्राकार बारवेत पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. चुकून उतरलेले शेळीचे करडूही त्यांवरून परत वर येऊ शकते. आपण पंपाच्या काळात विहिरी सरळ खाली नेल्या आणि वर येण्याची वाट ठेवली नाही. आता तशी पायऱ्यांची विहीर बांधणे शक्य नसले तरी दोन साध्या गोष्टी करता येतात.

पहिली म्हणजे तराफा. विहिरीत पडलेला प्राणी पडण्याने क्वचित मरतो, कारण खाली पाणी असते. तो मरतो थकून बुडाल्यामुळे. त्याला सकाळपर्यंत टेकायला जागा मिळाली तर माणसे येईपर्यंत तो तग धरतो. घट्ट झाकणाचे पस्तीस लिटरचे दोन रिकामे प्लॅस्टिक ड्रम घ्यावेत, त्यांवर बांबूंची किंवा जुन्या फळ्यांची चार फूट लांब आणि तीन फूट रुंद चौकट तारेने आवळून बांधावी आणि वर गोणपाट ताणून शिवावे. पस्तीस लिटरचा ड्रम साधारण तितक्याच किलोंचा भार तोलतो, म्हणजे दोन ड्रमांवर कोल्हा, लांडगा किंवा हरणी आरामात टेकते. चौकटीची एक बाजू उतरती ठेवून तिचे गोणपाट पाण्यात फूटभर बुडू द्यावे, म्हणजे पोहणाऱ्या जनावराला चढायला उतार मिळतो. कीटकनाशकाचे ड्रम यासाठी मुळीच वापरू नयेत, कितीही धुतले तरी नाही. तराफ्याचा दोर उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पातळीपर्यंत पुरेल इतका लांब ठेवावा आणि मोटारीच्या पाइपापासून विरुद्ध बाजूला बांधावा.

दुसरी गोष्ट लहान जिवांसाठी आहे. काथ्याच्या जाड दोराची, तळहात जाईल एवढ्या घरांची दोन-तीन फूट रुंद पट्टी विणून ती कठड्यापासून पाण्यापर्यंत भिंतीला लागून सोडावी. मुंगूस, उदमांजर, घोरपड, साप यांना तिच्यावरून चढून येता येते. लोखंडी पायटे माणसासाठी ठीक आहेत, प्राण्याला त्यांचा काही उपयोग नाही.

शेततळे

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे विहिरीहून फसवे असते. ते उथळ आणि उतरते दिसते, पाणी काठाशी आलेले असते, त्यामुळे प्राणी न घाबरता उतरतो. पण ओले, शेवाळलेले अस्तर काचेसारखे निसरडे असते आणि एकदा पाय सुटला की खूर किंवा नखे कशातही रुतत नाहीत. नख्यांनी अस्तर फाटते ते वेगळेच. माणसांची मुलेही अशाच तळ्यांत बुडाली आहेत. अस्तराच्या प्रत्येक शेततळ्याला भोवती पाच फुटांचे तारेचे कुंपण असलेच पाहिजे. त्याच्या खालच्या बाजूची जाळी वीतभर जमिनीत पुरावी, नाहीतर रानडुकरे ती उचलतात आणि त्यांच्या मागून इतर प्राणी आत येतात. कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने दर वर्षी वन्यप्राण्यांइतकीच शेतकऱ्यांची घरेही उजाड होतात.

कुंपण असूनही आत गेलेल्यासाठी चारही कोपऱ्यांत चढण्याची सोय करावी. कोपरेच का, याला दोन कारणे आहेत. पाण्यात पडलेला प्राणी काठाकाठाने पोहत राहतो आणि शेवटी कोपऱ्यात येऊन थांबतो. शिवाय एकास एक उताराच्या तळ्यात बाजूचा उतार ४५ अंशांचा असतो, पण दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्याच्या रेषेवर तो सुमारे ३५ अंशांवर येतो, म्हणजे चढण मुळातच कमी होते. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे टाकाऊ टायर एकाला एक नायलॉनच्या दोराने बांधून त्यांची माळ कोपऱ्यातून तळापर्यंत सोडावी आणि वरचे टोक बांधावर पुरलेल्या दगडाला किंवा लोखंडी खुंटीला घट्ट बांधावे. टायरची तार बाहेर आलेली नसावी, नाहीतर अस्तर फाटेल. टायर मिळाले नाहीत तर गोणपाट लांब शिवून, त्यावर दर फुटाला जाड दोराची आडवी गाठ देऊन तो पट्टा सोडावा; तो मात्र उन्हाने कुजतो आणि दर वर्षी बदलावा लागतो.

बोअर

निकामी झालेल्या बोअरबद्दल थोडक्यात सांगता येते. साडेसहा इंचांचे उघडे तोंड खारी, सरडे, साप, मुंगसाची पिल्ले आणि दुर्दैवाने माणसांची लहान मुलेही गिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वापरातल्या बोअरच्या केसिंगवर (आत बसवलेल्या पाइपाच्या तोंडावर) पक्के झाकण बसवणे आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, मुरूम यांनी भरणे आवश्यक आहे. दगड ठेवणे किंवा पोते कोंबणे हे झाकण नव्हे. बोअर कोरडा लागला की त्याच दिवशी, बोअर घेणारी गाडी शेतातून जाण्याआधी, तो भरून घ्यावा, कारण नंतर त्याची आठवण कोणालाही राहत नाही.

पाणवठा कोठे आणि कसा

विहिरी झाकल्या आणि पर्यायी पाणी ठेवले नाही, तर आपण एका मार्गाने वाचवलेला प्राणी दुसऱ्या मार्गाने तहानेने मारतो. म्हणून कठड्याबरोबर पाणवठा ठरवूनच घ्यावा. तो विहिरीपासून किमान दोन-तीनशे पावले दूर, माळाच्या किंवा ओढ्याच्या बाजूला असावा. वस्तीजवळ आणि आखाड्याजवळ (शेतातल्या गोठ्या-झोपडीजवळ) तो कधीही करू नये, कारण तेथे गावची कुत्री हरणांना घेरतात, कुत्र्यांचे रोग कोल्ह्या-लांडग्यांना लागतात आणि बिबट्याला गोठ्याची वाट दिसते. रस्त्याच्या पलीकडेही तो नसावा, नाहीतर प्राणी रोज रात्री वाहनांसमोरून जातील.

आकार बशीसारखा हवा: सहा-सात फूट रुंद, मध्यभागी फूटभर खोल, सर्व बाजूंनी कडेला शून्यावर येणारा. खडबडीत सिमेंटचा थर पुरेसा असतो, घोटून गुळगुळीत करू नये. उभ्या भिंतींचे हौद करू नयेत. त्यांत मोराची पिल्ले, ससे आणि मधमाश्या बुडतात. दोन-तीन चपटे दगड पाण्यात ठेवावेत. भोवती पन्नास फूट जागा मोकळी असावी, कारण आडोसा जवळ असला की हरिण पाण्यावर येतच नाही, आणि आले तर आडोशाला दडून बसलेल्या शिकाऱ्याच्या तावडीत सापडते. पाणी सूर्य मावळण्यापूर्वी भरावे आणि आठवड्यातून एकदा तळ घासून काढावा.

ठिबकच्या खतटाक्या आणि युरिया कालवलेले ड्रम झाकून ठेवण्याचा मुद्दा येथेच सांगावा लागतो. युरियाचे पाणी प्यायलेले गुरे-ढोर काही तासांत मरते, आणि रानातले जनावर त्याहून वेगळे नाही. पाणवठ्याजवळ फवारणीचा पंप धुऊ नये. पाणवठ्याच्या कडेला मेलेले पक्षी किंवा कोल्हे एकाच वेळी दिसले तर पाण्यात विष कालवल्याचा संशय घ्यावा, पाणी गुरांना पाजू नये आणि लगेच वनविभागाला कळवावे.

प्राणी पडलेला दिसला तर

सर्वप्रथम मोटारीचा स्टार्टर बंद करावा आणि मुख्य फ्यूजही काढावा, कारण ओल्या केबलमधून उतरलेला प्रवाह प्राण्याला आणि उतरणाऱ्या माणसाला एकदमच मारतो. त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर फोन करून गाव, गट क्रमांक, प्राणी कोणता, पाणी किती आणि विहिरीची खोली किती एवढे नेमके सांगावे. आपल्या भागातील वनरक्षकाचा क्रमांक आधीपासून वहीत लिहिलेला असेल तर त्यालाही कळवावे. प्राणी पोहत असेल आणि तराफा नसेल, तर बाज (खाट) चारही कोपऱ्यांना दोर बांधून हळूच पाण्याच्या पातळीवर सोडावी आणि दोर वर बांधून मागे सरावे. आपण काठावरून हटलो की प्राणी बाजेवर येतो. काठावर डोकी दिसत असतील तर तो घाबरून बुडेपर्यंत पोहत राहतो.

गर्दी आवरणे हेच या वेळी गावकऱ्यांच्या हातातील सर्वांत मोठे काम असते आणि ते सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने अंगावर घ्यावे. हरणी का मेली याचे उत्तर येथे आहे. हरणासारखा प्राणी अतिशय भीती आणि धडपड यांखाली आला की त्याच्या शरीराचे तापमान चढते, स्नायूंतील पेशी तुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून हृदय आणि मूत्रपिंडे निकामी करतात, आणि तो काही मिनिटांत किंवा कधी दोन-तीन दिवसांनीही मरतो. म्हणून हरीण वर काढल्याबरोबर त्याच्या डोळ्यांवर गडद कापड बांधावे, सर्वांनी गप्प राहावे, त्याला कुशीवर न पाडता पोटावर बसवून मान वर धरावी, तोंडात पाणी ओतू नये, सावली धरावी, आणि वनकर्मचारी सांगतील त्याप्रमाणे कमीत कमी वेळात माळाकडे तोंड करून सोडून द्यावे. फोटोसाठी धरून ठेवलेली पाच मिनिटे त्याच्या जिवावर येतात. सुटल्यावर त्याच्यामागे कुत्री लागणार नाहीत याची काळजी आधीच घ्यावी.

बिबट्या, लांडगा, तरस किंवा कोल्हा असेल तर माणसाने विहिरीत उतरण्याचा प्रश्नच येत नाही. बाज सोडून, काठ मोकळा करून, लोकांना तीनशे पावले मागे नेऊन, ज्या दिशेला दाट पीक किंवा ओढा आहे ती बाजू पूर्ण रिकामी ठेवून वनविभागाच्या पथकाची वाट पाहावी. पिंजरा किंवा शिडी सोडण्याचा निर्णय त्यांचा असतो आणि तो बहुधा अंधार पडल्यावर अमलात येतो. कोल्ह्या-लांडग्यांच्या किंवा मुंगसाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. ओरखडा जरी उठला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. कोरड्या विहिरीत पिल्ले सापडली तर ती घरी आणू नयेत, दूध पाजू नये. आई जवळपास असते आणि पिल्ले त्याच जागी काठावर सुरक्षित ठेवली तर संध्याकाळी ती येऊन नेते. हे काम वनरक्षकाच्या उपस्थितीतच व्हावे.

बऱ्याच दिवसांपासून बंद असलेल्या पडीक विहिरीत कोणासाठीही उतरू नये, प्राण्यासाठी तर नाहीच. तेथे प्राणवायू कमी असतो आणि कुजण्यातून निघालेले विषारी वायू साचलेले असतात. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत प्राणवायू आहे की नाही एवढेच सांगते, विषारी वायू असल्याचे ती सांगत नाही. एक माणूस बेशुद्ध पडला आणि त्याला काढायला उतरलेले दोघे तिघेही गेले, अशा घटना आपल्या भागात घडलेल्या आहेत.

प्राणी मेलेला सापडला तरी तो आपला होत नाही. काळवीट, लांडगा, बिबट्या, मोर, घोरपड हे सर्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, आणि विहिरीत पडून मेलेल्या हरणाचे मांस वाटून घेणे किंवा शिंगे घरात ठेवणे हाही गुन्हाच ठरतो. वनकर्मचारी पंचनामा करतील तोवर त्याला हात लावू नये व पुरू नये. विहिरीच्या मालकाने घाबरून गोष्ट लपवू नये. स्वतः कळवलेल्या माणसाला त्रास देण्याचे कारण कोणाला नसते, आणि पंचनाम्यात विहिरीचा गट क्रमांक नोंदला गेला की तेथे कठडा घालण्यासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करायला तोच कागद कामी येतो.

दर वर्षी मृग निघण्याच्या आठ दिवस आधी वही काढून पुन्हा एक फेरी मारावी. पावसाने दगड सुटलेले, फाटकाची कडी तुटलेली, तराफ्याचा ड्रम भरून बुडालेला, टायरांची माळ तळाला घसरलेली असे काहीतरी प्रत्येक वेळी सापडते. भाद्रपदात गवत छातीएवढे वाढते तेव्हा कठड्याभोवतीचे पाच-सहा फूट गवत कापून घ्यावे, आणि शेत ठोक्याने किंवा बटाईने दुसऱ्याला दिले असेल तर विहीर, तराफा आणि वनरक्षकाचा क्रमांक त्याला प्रत्यक्ष विहिरीवर नेऊन दाखवावा.